रजेवरच्या शिपायाचा मुजरा

कमळतळ्यावरून धुके उठले, की चंद्रावळ नगरी त्यावर तरंगत असल्याचा भास होई. अशाच एका पहाटे शिपाई हैबती रजेवर निघाला आणि सरकारी बंदूक खांद्यावर टाकून, घरच्या अंगणाचे स्वप्न पाहत वेशीत शिरला.

"शिपाई असून कोतवालाला मुजरा नाही?" कोतवाल भुजंगराव गरजले.

हैबतीने लवून मुजरा केला. मग कोतवालांची नजर बंदुकीवर गेली.

"कामगिरीवर आहेस की रजेवर?"

"रजेवर, सरकार."

"मग तू रयतेपैकीच एक! नगरात शस्त्र बाळगावे ते कामगिरीवरच्या शिपायानेच, असा कायदा आहे. बंदूक जप्त!"

सरकारी बंदूक गेली म्हणजे चाकरीही गेली. हैबतीने राणीसाहेबांकडे दाद मागितली.

भरल्या दरबारात तो शांतपणे म्हणाला, "राणीसाहेब, रयत नुसते हात जोडते. मी रयतेपैकी असेन, तर कोतवालसाहेबांनी माझ्याकडून शिपायाचा मुजरा उगाच घेतला. तो त्यांनी सर्वांसमक्ष मला परत करावा."

"काय कोतवाल, लवता का?" राणीसाहेबांनी मंद हसत विचारले.

भुजंगरावांची कंबर काही वाकेना. "छे, छे! हा... हा कामगिरीवरच होता!"

"म्हणजे माझी रजा अजून सुरूच झालेली नाही," हैबती म्हणाला. "ती आजपासून धरावी."

"धरली! आणि कोतवाल, याची बंदूक याला परत द्या," राणीसाहेब म्हणाल्या.

परत मिळालेली बंदूक हैबतीने अलगद कोतवालांच्याच हाती ठेवली. "आता मात्र मी खरोखरच रजेवर आहे, साहेब. कायदा मोडायला नको. मी परतेपर्यंत हिची राखण आपणच करा."

आणि तो रिकाम्या खांद्याने धुक्यात विरघळत घराकडे चालू लागला.