तिळाचा दाणा आणि सात तपासणाऱ्या

मुंग्यांना अजून वाचा होती, तेव्हाची गोष्ट. वारुळात दाणा आला की सहा जणी तो तपासायच्या. एक हुंगायची, एक गोल आहे का बघायची. एवढा उशीर का होतो, हे शोधायला राणीनं सातवी नेमली.

ठकू मुंगीचं पिल्लू भुकेनं निपचित पडलं होतं. तीळ घेऊन ती रांगेत उभी होती. "अगं बायांनो, पोर जाईल माझं!"

"थांब गं, आधी तुझा उशीर मोजू दे," सातवी म्हणाली.

ठकू रांगेतून निघाली, मागच्या भोकातून आत शिरली आणि तिनं तीळ पिल्लाला भरवला. पिल्लानं ढेकर दिला.

सहा जणी धावत आल्या. "बिनतपासणीचा ढेकर! परत घ्यायला सांग त्याला!"

सातवीनं मात्र ठकूला हळूच बाजूला ओढलं. "ते भोक कुठंय गं? माझंही पोर सकाळपासून उपाशी आहे."