ठमाई खुराड्यात बसली

फार वर्षांपूर्वी, कुसरोंडीला यायला नुसती पायवाट होती तेव्हा, आमच्या गावात ठमाई नावाची बुरुडाची बाई होती. बांबूच्या कामट्या काढायच्या आणि डालगी विणायची, हा तिचा धंदा. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची, बाजाराला न्यायची मोठी टोपली. ठमाईचं डालगं कड्यावरून टाकलं तरी खाली उभंच राहायचं, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं ते खोटं बोलणारे नव्हते.

त्या काळी गावात खुराडी नव्हती. कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर चरायच्या आणि तिन्हीसांजेला झाडावर जाऊन बसायच्या. मग एका उन्हाळ्यात वरच्या रानात वणवा लागला. रान जळालं, तशी रानमांजरं आणि मुंगसं भुकेली होऊन खाली उतरली. सकाळी झाडाखाली नुसती पिसं दिसू लागली. तेव्हा गावानं कारवीच्या काठ्या आणल्या, शेणमातीनं लिंपल्या आणि घरोघर खुराडी बांधली.

खुराडं केवढं करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी ठमाईचं डालगं मधोमध ठेवलं आणि त्याच्या कडेनं भिंती उभ्या केल्या. डालग्यात जेवढ्या कोंबड्या मावतात तेवढ्या खुराड्यातही मावतील, असा साधा विचार. रानमांजराच्या धास्तीनं दिवसासुद्धा त्यांना कोणी बाहेर सोडेना.

कोंबड्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. घातलेली अंडी स्वतःच फोडून खाऊ लागल्या. मग माना टाकू लागल्या. लोकांनी देवीला नारळ दिला, वेशीवर लिंबं टांगली. खुराड्याचं माप मात्र कोणी बदललं नाही.

त्या वणव्यात गजरा नावाच्या सुनेचा नवरा गेला होता. घरात थोरला दीर हैबती. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं तिला माहेरी जायला सांगितलं. गजराला जायचं नव्हतं. माहेरी भावजयीच्या हाताखाली जन्म काढावा लागला असता. तिच्या आईनं डोक्यावरून डालगं भरून कोंबड्या आणून दिल्या आणि यावर पोट भर म्हणाली. हैबतीनं चार लोकांत शब्द दिला. पुढच्या होळीला या कोंबड्या जिवंत दिसल्या, तर परसातला कोपरा गजराचा आणि चूलही वेगळी. नाही दिसल्या, तर माहेर. त्यानं खुराडंही स्वतः बांधून दिलं. गावातल्या कुठल्याच खुराड्यातल्या कोंबड्या होळीपर्यंत टिकणार नाहीत, हे त्याला दिसत होतं.

गजरा आणखी एक डालगं घ्यायला ठमाईकडे गेली. कशाला हवं, हे ठमाईनं विचारलं. आणखी एक खुराडं बांधायला माप हवं, हे ऐकून तिनं हातातला कोयता खाली ठेवला. आपल्या डालग्यांचं गावानं काय केलं, ते तिला त्या दिवशी कळलं, असं म्हणतात.

ती गजराबरोबर परसात आली. कोंबड्यांकडे तिनं पाहिलंच नाही. आधी जमीन पाहिली. सकाळचं ऊन कुठं पडतं, दुपारची सावली कुठं राहते, मोरीचं पाणी कुठं साचतं, वारा कुठून येतो. हैबतीनं दिलेला कोपरा नेमका मोरीच्या तोंडाशी होता. मग ती बोलली, ते आमच्या गावात लहान पोरांनाही पाठ आहे. खुराडं दगडावर उचलून घ्यावं. तोंड उगवतीला ठेवावं. आत बसायला आडव्या काठ्या असाव्यात आणि पंखाला पंख घासू नये. बाहेर कुडाचं आवार असावं, त्यात उकरायला माती, लोळायला राख असावी.

"आणि पोरी," ती म्हणाली, "मार खाणाऱ्या कोंबडीला पळायला जागा पाहिजे. ती नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही."

गजरा खाली मान घालून ऐकत होती.

एवढं आवार त्या कोपऱ्यात मावणार नव्हतं. हैबती अंगणात बसून तंबाखू मळत होता. तो हसला. "ठमाई, कोंबडीला दिवाणखाना बांधू का? तुझ्याच डालग्यात बसतात की डझनभर."

"डालगं बाजाराला न्यायला असतं, हैबती. त्यात कोंबडी बाजारापर्यंत जगते."

"माणसाची जात असून कोंबडीचं दुखणं कळतं होय तुला? मग तूच बस आत अन् सांग कसं वाटतं."

तो थट्टेनं म्हणाला. ठमाईनं आतल्या कोंबड्या गजराच्या हवाली केल्या, पदर खोचला, गुडघे पोटाशी घेतले आणि खुराड्यात शिरली. आतून म्हणाली, "लाव फळी."

हैबतीनं फळी लावली. जेवणवेळेला बाहेर येईल, असं त्याला वाटलं. ती आली नाही. दिवस मावळला तरी आली नाही. गजरा फटीतून पाणी द्यायची. किती दिवस ती आत होती, यावर गावाचं एकमत नाही. कोणी तीन म्हणतं, कोणी नऊ. पण त्या दिवसांत गावातला एकही कोंबडा आरवला नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. उजाडायचं काही राहिलं नाही, पण लोक उशिरा उठले आणि गुरं दावणीला हंबरत राहिली.

मग एका सकाळी गावातल्या कोंबड्या आपापल्या खुराड्यांचे कूड फोडून बाहेर आल्या. पिसं झडलेल्या, माना वाकड्या झालेल्या, सगळ्या हैबतीच्या परसात येऊन त्या खुराड्याभोवती बसल्या. बांधावर रानमांजरं येऊन उभी राहिली. एकीलाही त्यांनी तोंड लावलं नाही, असं म्हणतात.

सगळा गाव कुंपणाशी जमला. हैबती खुराड्यापुढं उकिडवा बसला. त्याचा आवाज उतरला होता.

"ठमाई, झालं ते झालं. जागा पुरते का, एवढं सांग अन् बाहेर ये."

"मला कशाला विचारतोस," आतून ठमाई म्हणाली. "फळी लावणाऱ्यानं बसून बघावं."

कुणी हसलं नाही. हैबतीनं फळी काढली. ठमाई चार पायांवर बाहेर आली आणि हैबती आत शिरला. त्याचं धोतर अडकलं, पागोटं बाहेरच राहिलं. फळी गजरानं लावली. तो आत किती वेळ बसला, ते गाव सांगत नाही. त्याची पतवंडं अजून इथं राहतात.

बाहेर आल्यावर त्यानं पागोटंसुद्धा उचललं नाही. पहार घेतली आणि मोरीकडचं ते खुराडं पाडलं. मग स्वतःच्या परसाचं कुंपण उपटून घराच्या बाजूला मागं घेतलं. शेजाऱ्यानं ते पाहिलं आणि आपलंही मागं घेतलं. त्याच्या शेजाऱ्यानंही घेतलं. अशी घरांच्या मागून एक पट्टी मोकळी झाली. गजराच्या कोंबड्या आज या घरामागं, उद्या त्या घरामागं चरू लागल्या. चरून झालेल्या जमिनीला विसावा मिळाला, गोठ्यांतल्या गोचिडी कमी झाल्या. गजराचं खुराडं ठमाईच्या सांगण्याप्रमाणं नव्यानं उभं राहिलं आणि गावानंही आपापली खुराडी मोडून तशीच बांधली.

होळीला गजराच्या आवारात कोंबड्या होत्या आणि पिल्लंही होती. चुलीचे तीन दगड हैबतीनं स्वतः उचलून आणले.

ठमाईची कंबर मात्र परत सरळ झाली नाही. वाकली ती वाकलीच. तशीच ती आणखी पुष्कळ वर्षं जगली, डालगी विणत राहिली. ती गेली तेव्हा तिच्या तिरडीमागं माणसांच्या आधी कोंबड्या चालल्या, असं म्हणतात.

घरांमागची ती पट्टी अजून आहे. तिला ठमाईची वाट म्हणतात. तिच्यावर कोणी भिंत घालत नाही, शेणाचा ढीग लावत नाही. कोणी पहिल्यांदा कोंबड्या पाळायला घेतल्या, तर कोंबड्या आणायच्या आधी घरातला कर्ता माणूस रिकाम्या खुराड्यात बसतो. बाहेरून फळी लावतात. शेजारी येऊन विचारतात, पुरतं का? आत बसून खोटं बोलायचं नाही, एवढाच नेम आहे. तो नाही म्हणाला, तर खुराडं मोडून पुन्हा बांधतात.

आणखी एक रीत आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. आमच्या गावात भावाभावांत घराची वाटणी झाली, किंवा विधवेला घरात खोली काढून दिली, तर कागद नंतर होतो. ज्यानं वाटणी केली, तो आधी सगळ्यांत लहान खोलीत जाऊन बसतो. दार बाहेरून लावतात. कडी ज्याला ती खोली मिळायची, त्याच्या हातात असते.