ढालीवरचं रेडकू

करंजगडच्या हैबतराव सरकारांना वाटू लागलं, इतर संस्थानिकांसारखं आपलंही ढालीवर रंगवलेलं राजचिन्ह हवं. त्यांनी भिवाजी चिताऱ्याला बोलावलं.

"परवाच्या शिकारीत वाघासमोर जो पाऊलभरही मागे सरला नाही, तोच ढालीवर दिसला पाहिजे. एक जरी रेघ खोटी काढलीस, तर तुझी इनामाची जमीन गेली!"

आली का पंचाईत! शिकारीचं चित्र काढायला भिवाजीही त्या दिवशी रानात होता, आणि त्यानं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

दसऱ्याच्या दरबारात ढालीवरचं फडकं निघालं. वाघासमोर एक रेडकू उभं होतं.

"हा काय चावटपणा?" सरकार कडाडले.

"हुकमाप्रमाणंच आहे, सरकार. आपण मचाणावर होतात, मी शेजारच्या झाडावर. खाली वाघासमोर हे एकटंच होतं."

"अरे, आमिष म्हणून बांधलं होतं ते! मागे सरणार कसं?"

"म्हणून तर गळ्यात दावंही काढलंय," भिवाजी हात जोडून म्हणाला. "खोटी रेघ नको होती ना सरकारांना?"

पुढच्या दसऱ्याला ढालीवर राजचिन्ह म्हणून नुसता नारळ रंगवलेला होता, आणि भिवाजीची जमीन भिवाजीकडेच होती.