चंद्रीच्या खुरातलं तळं

फार पूर्वी, ढग खाली उतरून जमिनीवर हिंडायचे अशा एका पठारावर एक इवलीशी वनस्पती उगवायची. तिचं नाव दवबिंदू. पानं लालचुटूक आणि पानाच्या केसाकेसावर एकेक चमचमता थेंब. दव समजून चिलट प्यायला आलं की चिकटलंच! मग पान हळूच मिटायचं आणि चिलट फस्त.

पायथ्याच्या गावातल्या काही जणांना या दवबिंदूनं वेड लावलं होतं. त्यांनी चक्क दवबिंदू रक्षक मंडळ काढलं. दर श्रावणात मंडळी वर जायची आणि धुक्यात पोटावर पडून पान मिटताना बघायची. कुणी बोलायचं नाही. शिंक आली तर लांब जाऊन शिंकायचं, असा नियमच होता. गाव हसायचं, पण यांना त्याचं काय!

एकदा मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे अप्पांना, एक रोप खुराखाली चिरडलेलं दिसलं. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. खूर होता चंद्रीचा. चंद्री ठकूबाईची म्हैस. पठारावरची एक झोपडी आणि पाच म्हशी एवढाच ठकूबाईचा संसार.

अप्पा तडक झोपडीवर गेले. "ठकूबाई, उद्यापासून म्हशी इथे चरायच्या नाहीत. आमची झाडं तुडवतात."

"तुडवत्यात खऱ्या," ठकूबाई म्हणाली. "पर अप्पा..."

"पर-बिर काही नाही!"

मंडळानं पठाराला काटेरी कुंपण घातलं. ठकूबाई गुमान रोज म्हशी घेऊन दरीत उतरू लागली. तिथं चारा कमी आणि जळवा फार. महिन्याभरात म्हशींचं दूध निम्म्यावर आलं.

पुढच्या श्रावणात मंडळी हौसेनं वर गेली. बघतात तर काय, गवत कमरेएवढं आणि दवबिंदू एकही नाही! चार दिवस शोधलं. धुकं तेच, ढग तेच, पण पोटावर पडून बघायचं काय?

"कुणीतरी चोरतंय," सगळे म्हणाले. "कुंपण आणखी उंच करा!"

अप्पा सुन्न होऊन एकटेच कुंपणाबाहेरच्या पायवाटेनं चालू लागले. याच वाटेनं ठकूबाईच्या म्हशी दरीत ये-जा करायच्या. ढग जरासा बाजूला झाला आणि पायाशी काहीतरी लाल चमकलं. अप्पा सवयीनं पोटावर पडले. चिखलात चंद्रीच्या खुराचा ठसा होता. त्यात बोटभर पाणी आणि काठानं दवबिंदूची सात रोपं! आजूबाजूचं गवत म्हशींनी चरून बारीक केलेलं, त्यामुळे त्यांना ऊनही मिळालेलं.

अप्पांना सगळं कळलं. क्षणभर वाटलं, सातही रोपं गुपचूप आत नेऊन लावावीत. कुणाला काय कळणार? अध्यक्षपदाची शानही राहील. पण त्या पानांकडे बघताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

ते मंडळींसमोर उभे राहिले. "चोर मीच आहे. दवबिंदू माझ्या कुंपणानं मारले. काढा ते."

मग ते दरीत उतरले. ठकूबाईसमोर हात जोडून म्हणाले, "चुकलो. म्हशी घेऊन वर या. पण त्याच दिवशी का नाही हो सांगितलंत?"

"सांगतच हुते की," ठकूबाई म्हणाली. "तुमी मला 'पर'च्या फुडं जाऊच दिलं न्हाई."

पुढच्या श्रावणात पठार पुन्हा लाल झालं. धुक्यातून चंद्री आली आणि अप्पांच्या नाकासमोर एक रोप तुडवून गेली. अप्पांनी डोळे गच्च मिटले, पण तोंडातून ब्र काढला नाही.

तात्पर्य एवढंच: ज्याला जपायचं, ते कुणाच्या आधारानं जगतं हे आधी विचारावं, आणि समोरचा 'पण' म्हणाला, तर त्याचं पुढचं वाक्य ऐकून घ्यावं.