पाझरादेवीची उष्टी चाल

एकदा काय झालं, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावाला पाणी पाजणारी पाझरादेवी होती. मोठी हट्टी हो! दरवर्षी जत्रेला सनईवर नवी कोरी चाल ऐकली, तरच तिचा झरा वाहायचा. ठमे, पाय आवर आधी.

चाल बांधायचा भिवाजी गुरव. चाल बांधायची म्हणजे महिना महिना दुसरं काही सुचत नाही, बरं का. तेवढे दिवस राजवाड्यातून शिधा यायचा. मग म्हातारा राजा गेला. नवा राजा म्हणाला, "जुन्या चाली काय झिजल्या? त्याच वाजव." झालं, शिधा बंद!

मग भिवाजी गेला नगरशेटकडे. शेट म्हणाला, "देतो की! पण मग चाल माझी. माझ्याच ओसरीवर वाजायची." मग देवीला काय ऐकवणार, कपाळ? भिवाजी तसाच परतला. घरी पोरं उपाशी, झरा करंगळीएवढा झालेला. त्याचा जीव नुसता टांगणीला लागला.

मग तो चंद्राक्का परटिणीच्या दारात उभा राहिला. ती म्हणाली, "मूठभर जोंधळे देते रे. पण काय बांधतोयस ते ऐकव तरी!"

अगं बाई! देवीच्या आधी चाल कुणी ऐकायची नाही, अशी रीत. नैवेद्य आधी चाखतो का आपण? पण पोरांची तोंडं आठवली आणि भिवाजीने हळूच सनई फुंकली. चंद्राक्का डोलली. "इथं जरा अडखळतंय बघ," म्हणाली आणि दोन मुठी घातल्या. मग दारोदार तसंच. कुठे मूठ, कुठे पसा, कुठे नुसतं ताक. चाल पुरी झाली, पण गावभर उष्टी झाली!

जत्रेला तो सनई घेऊन देवीपुढे उभा राहिला. वाजवलं. झरा गप्प! भिवाजी सनई खाली ठेवून रडायलाच लागला. "आई, चूक माझी आहे. यांना तहानेनं मारू नकोस."

मग मागून चंद्राक्का तीच चाल गुणगुणायला लागली. मग तिची सून, मग कुंभार, मग सगळी चिल्लीपिल्ली. अख्खं गाव! आणि डोंगरातून खळखळ करत पाणी आलं, पार देवळाच्या पायरीपर्यंत. आई ना ती! लेकरांचं उष्टं आईला कधी चालत नाही का?

तेव्हापासून सुगी झाली, की घरोघर पहिली मूठ चालीची निघू लागली. पुढे एकदा राजा त्या झऱ्यावर पाणी प्यायला आला. त्यानं विचारलं, "ही चाल कुणाची?"

"आमची!" सगळी पोरं एकदम ओरडली. भिवाजी नुसता हसला.

मग सगळे पोटभर पाणी प्याले आणि सुखानं नांदले. आता मिटा बघू डोळे.