बाभळीवरची वस्ती

फार जुनी गोष्ट. गावाबाहेरच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. एक धामण तिथे भरदिवसा चढून अंडी-पिल्लं गिळू लागली. भेदरलेले पक्षी शेजारी आक्रोश झाला तरी घरट्याबाहेर डोकावेनात.

एके दुपारी धामण गोदाच्या घरट्याकडे वळली. गोदाचा टाहो शेजारच्या चिमाला ऐकवेना.

"जाऊ नकोस, आपलीही पिल्लं आहेत!" नवरा म्हणाला.

"म्हणूनच जाते. आज तिची, उद्या आपली!"

चिमाने थेट धामणीच्या डोळ्यावर झेप घेतली. ते पाहून नवरा धावला, पाठोपाठ सारी वस्ती तुटून पडली. चोचींच्या माऱ्याने धामण धपकन खाली आपटली आणि पळाली, ती पुन्हा फिरकलीच नाही.

संध्याकाळी गोदाची तिन्ही पिल्लं चोची वासून बसली होती आणि त्यांना भरवायला अख्खी वस्ती लोटली होती.