टाकीजवळची फरशी

अनुबंध सोसायटीच्या फाटकातून आत आले की उजव्या हाताला जमिनीतली पाण्याची टाकी लागते. टाकीला लागून, कडुनिंबाखाली, विटांच्या दोन थरांवर एक शहाबादी फरशी ठेवलेली आहे. बाकासारखी. फक्त तिच्या मधोमध एक मोठे चौकोनी भोक आहे, त्यामुळे बसायचे तर एका टोकालाच बसावे लागते. सोसायटीचा सेक्रेटरी त्या फरशीवर बसलेला असेल, तेव्हा त्याला कोणी काही विचारायचे नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. पाणी, पार्किंग, जिन्यातला दिवा, काहीही असो. तो उठेपर्यंत थांबायचे.

भाड्याने घर बघायला येणारे लोक हटकून विचारतात, भोक पडलेली फरशी इथे का ठेवली आहे. तेव्हा फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले हविनाळे आजोबा त्यांना ही हकीकत सांगतात. आजोबा इथे राहायला आले ते ही गोष्ट घडून गेल्यावर. म्हणून तेही 'म्हणे' लावूनच सांगतात.

तेव्हा सोसायटी नवी होती म्हणे. सोलापूरच्या कडेचा उघडा माळ, आणि त्यावर ही एकच इमारत. बिल्डर चाव्या देऊन गेला तो परत फिरकला नाही. महापालिकेचे पाणी तीन-चार दिवसांनी यायचे आणि ते कोणाला आधी सोडायचे यावरून भांडणे व्हायची. वार्षिक सभेत सेक्रेटरीपदाचा विषय निघाला की लोक खाली वाकून चपला शोधायला लागत. एका वर्षी बिराजदारबाई आईला औषध देऊन सभेला उशिरा आल्या, तोवर त्यांचे नाव ठरून गेले होते. पुढच्या प्रत्येक सभेत तेच नाव कायम झाले.

बाई पोस्टात नोकरीला होत्या. घरी त्या आणि त्यांची आई, दोघीच. आईला सगळे गौराक्का म्हणत. त्या अक्कलकोटकडच्या खेड्यातून लेकीकडे आल्या, आणि आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलतील कदाचित, सांगता येत नाही. बाई रोज पोस्टातून आल्या की आईच्या खाटेशी बसू बघत. पाठ टेकायच्या आत बेल वाजे. वरच्यांचे कपडे खाली ठिबकतात. कोणाची स्कूटर आडवी लागली आहे. बाई उठत, पायात चपला सरकवत आणि "बघते" म्हणत.

खालच्या मजल्यावर अंबादास येमूल राहत. चादरींच्या कारखान्यात ते जॉबर होते, माग बिघडला की दुरुस्त करायचे. त्यांच्या स्वयंपाकघराचे छत गळत होते. वरचा घरमालक म्हणे, पाइप सगळ्यांचा आहे, सोसायटीने बघावे. सोसायटी त्याला म्हणे, गळती तुमच्या मोरीची आहे. येमूलांची तक्रार खोटी नव्हती, हे आजोबा आवर्जून सांगतात.

एके दिवशी बाई आईला पेज भरवत होत्या, तेवढ्यात खाली टाकीवर बाचाबाची सुरू झाली. वाटी तशीच ठेवून बाई गेल्या. दार उघडेच राहिले. त्याच वेळी येमूल वर आले, बाई नाहीत म्हणून खुर्चीवर बसून राहिले. आज काही झाले तरी ऐकून घ्यायचे नाही, असे ठरवून ते काय काय बोलायचे ते मनात जुळवत होते. गौराक्कांनी मान वळवली आणि त्या बोलल्या. एखादा शब्द नाही, चांगल्या दोन-तीन वाक्यांइतके बोलल्या. येमूल म्हणाले, "हो, हो, येतील आता," आणि पुन्हा आपल्या विचारात गेले.

बाई वर आल्या तेव्हा आईची मान कलली होती.

येमूलांना ही गोष्ट लपवता आली असती. पण ते चौथ्या दिवशी भेटायला गेले आणि सांगून टाकले, की जाण्याआधी आई बोलल्या होत्या. बाईंनी विचारले, काय बोलली?

"लक्ष नव्हतं ओ, बाई," येमूल म्हणाले. "मी माझंच जुळवत होतो."

बाई रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "आठवलं तर सांगा. कानावर पडलं असेल तसं."

असे सांगतात की त्या दिवसांत भेटायला येणारे लोकसुद्धा सुस्कारा टाकायचे, आणि निघताना दारात वळून म्हणायचे, वाईट झालं बाई, तेवढं जिन्यातल्या दिव्याचं बघा. बाई मान हलवायच्या. दिवा लागायचा. त्यानंतर बाई बसलेल्या कोणाला दिसल्या नाहीत. बसायचे ज्याच्यासाठी ते माणूसच राहिले नव्हते.

येमूलांनी गळतीचे नाव काढणे सोडले. गळणाऱ्या जागेखाली त्यांनी पातेले ठेवले. ते जिन्यात बाईंना ओलांडून जात नसत, बाई वर जाईपर्यंत खाली थांबत. कारखान्यात माग बंद करून डोळे मिटून उभे राहत, म्हणजे शांततेत ते बोलणे परत ऐकू येईल. येत नव्हते. त्यांची बायको म्हणायची, "पातेलं भरलंय, ओता की. का तेही विसरलात?"

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी पाणी आले होते आणि टाकीपाशी गर्दी होती. बाई व्हॉल्व सोडून जिन्याकडे गेल्या. पहिल्या वळणावर त्या थांबल्या आणि त्यांनी भिंतीला कपाळ टेकले. मागून कोणीतरी स्कूटरच्या जागेचे विचारत होते. मान न वळवता बाई म्हणाल्या, "बघते."

येमूलांनी हे आपल्या दारातून पाहिले. त्यांच्या स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी फरशी आणून ठेवलेली होती, बेसिनसाठी भोक पाडून तयार. ती त्यांनी एकट्याने उचलली, बाहेर आणली, कडुनिंबाखाली विटा रचून त्यांवर ठेवली. मग वर बघून हाक मारली, "बाई, खाली या. आठवलं."

बाई आल्या. हातात कळशा घेतलेले सगळे लोक तिथेच उभे होते.

"तुमच्या आई म्हणाल्या," येमूल म्हणाले, "पोरगी दमलीय. तिला जरा बसू द्या."

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग त्या फरशीवर बसल्या. स्कूटरवाला पुढे सरकला, तसे येमूल मध्ये आले.

"थांबा," ते म्हणाले. "बाई बसल्यात."

बाई बसल्या बसल्या झोपल्या. टाकी भरून वाहू लागली, तेव्हा ज्याच्या पायाशी पाणी आले त्याने जाऊन व्हॉल्व बंद केला. तोवर तो व्हॉल्व बाईंशिवाय कोणी बंद केला नव्हता. जाग आल्यावर बाई पदर सारखा करत म्हणाल्या, "हं. कोण होतं आधी?" आधी असलेला माणूस म्हणाला, राहू द्या, माझे मी करतो.

ही फरशी भर उन्हातही तापत नाही, असे म्हणतात. तापते. मी हात लावून पाहिले आहे. तरी बसणारे उठत नाहीत.

ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी शेवटी विचारतेच, की येमूलांना ते खरेच आठवले होते का. आजोबा टोपी काढून मांडीवर ठेवतात. ते सांगतात, गौराक्कांना कन्नडशिवाय एक शब्द बोलता येत नव्हता. येमूलांच्या घरात तेलुगू आणि बाहेर मराठी, कन्नड त्यांना मुळीच कळत नव्हते. हे बाईंना ठाऊक होते, आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांनाच ठाऊक होते. कोणी हरकत घेतली नाही. या सोसायटीत हरकतीशिवाय मंजूर झालेली ती पहिली गोष्ट, असे आजोबा म्हणतात.

बिराजदारबाई गेल्या, येमूलही गेले. आजही पाणी सोडून झाले की सध्याचे सेक्रेटरी मुजावरकाका फरशीच्या टोकाला येऊन बसतात आणि डोळे मिटतात. काम घेऊन आलेले लोक थोडे लांब उभे राहतात. एखादा नवा भाडेकरू पुढे जाऊ लागला, तर कोणीतरी त्याच्या कोपराला धरून हळूच सांगते, "थांबा, बाई बसल्यात." मुजावरकाकांना भरघोस पांढरी दाढी आहे. भाडेकरू दाढीकडे बघतो, सांगणाऱ्याकडे बघतो, आणि थांबतो.